अंधार मोजायला आटपाडीपर्यंत

फेब्रुवारीतल्या अमावास्येच्या आठवड्यात मी पाच दिवस सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अंधार मोजत फिरले. हे मी घरी, ऑफिसात आणि दोन पेट्रोल पंपांवर सांगितलं, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी मला पुन्हा विचारलं, काय मोजत? म्हणून आधी तेवढं सांगते.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत उपकरणं जुळवणं आणि दुरुस्त करणं हे माझं सव्वीस वर्षांचं काम. संस्थेला एक मध्यम आकाराची, माणसाशिवाय चालणारी दुर्बीण उभारायची होती. तिला ढग कमी आणि अंधार जास्त लागतो. ढगांचा हिशेब हवामानाच्या नोंदींतून निघतो, अंधार मात्र जागेवर जाऊन मोजावा लागतो. त्याचं यंत्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असतं. आकाशाकडे रोखायचं, बटण दाबायचं, आकडा येतो. आकडा जितका मोठा तितकं आकाश काळं. पुण्यात माझ्या गच्चीवर तो अठराच्या वर जात नाही. आम्हाला एकवीसच्या वर हवा होता. फरक तीनचा दिसतो, पण प्रत्यक्षात गच्चीवरचं आकाश पंधरा-वीस पट उजळ असतं.

तीन जागा निवडल्या होत्या. सोलापूरच्या पलीकडची एका सहकाऱ्याने आधीच मोजली होती आणि ती बरी निघाली होती. उरलेल्या दोन माझ्या वाट्याला आल्या.

साताऱ्याच्या वर

पहिली जागा साताऱ्याजवळच्या एका पठारावर. घाट चढून गेलं की सडा लागतो, काळा कातळ आणि त्यावर वाळकं गवत. वारा असा की गाडीचं दार उघडायला दोन हात लागले. नकाशावर जागा चांगली होती. नकाशा सहा वर्षांपूर्वीचा होता.

आता तिथे पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि प्रत्येकीच्या डोक्यावर विमानांसाठी लाल दिवा. ते सगळे एकदम लागतात, एकदम विझतात. त्यांच्या खाली तंबूंचं एक मुक्कामस्थान झालं आहे. कमानीवर लिहिलं होतं, ‘ताऱ्यांच्या कुशीत एक रात्र’. कमानीला, तंबूंना, मधल्या दोन बाभळींना आणि संडासाच्या वाटेला दिव्यांच्या माळा होत्या. संध्याकाळी सातला स्पीकर सुरू झाला आणि एक हिरवा झोत आकाशात फिरू लागला.

मुक्कामस्थान चालवणारा चाळिशीचा गृहस्थ होता, मुंबईला हॉटेलात नोकरी करून गावी परतलेला. जेवण त्याने मनापासून वाढलं, पिठलं, भाकरी आणि खर्डा. खर्डा असा की माझं नाक वाहायला लागलं. दहा मिनिटं माळा बंद करता येतील का, मी विचारलं.

“मॅडम, करतो की. पर गेस्ट वरडत्यात,” तो म्हणाला. “त्यांना चांदण्या पायजेत, पर अंधार नको आसतो. मागं एकदा लाईट गेली तर एक बाई रडायला लागली. म्हणली, मॅनेजर, हे वर काय दिसतंय एवढं?”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“म्हणलं, ताई, तुमी ज्याच्यासाठी आलाय त्येच हाय. तर म्हणती, जनरेटर लावा.”

तो हसला, मीही हसले. मग माळांपासून लांब जाऊन आकडा घेतला. एकोणीस पूर्णांक सहा. वहीत लिहिलं, जागेवर फुली मारली आणि सकाळी निघाले.

कराडवरून

कराडमध्ये माझं काही काम नव्हतं, पण थांबावं लागलं. गळिताचा हंगाम होता. उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल पट्टी. दिवेलागणीच्या सुमाराला अशाच एका थांबलेल्या ट्रॉलीच्या मागच्या उसात माझ्या गाडीचं नाक गेलं. मला खरचटलं नाही. गाडीचा डावा दिवा फुटला. ट्रॅक्टरवाल्याने उतरून आधी ऊस तपासला, मग मला विचारलं, “ताई, लागलं न्हाई न्हवं?” उजेड नसल्याबद्दल मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. अंधाराचं रक्षण करायला निघालेल्या बाईच्या तोंडी ते शोभलंही नसतं.

दिवा बसवेपर्यंत दुसरा दिवस दुपारपर्यंत गेला. कृष्णा-कोयनेच्या संगमावर बसून मी भडंग खाल्ला आणि अहवालाची पहिली पानं लिहिली. नदीच्या वरच्या बाजूला कारखान्याचा धूर होता. आदल्या संध्याकाळी त्याच धुराला खालून पिवळा उजेड लागलेला पाहिला होता. कृष्णाकाठी यंत्र काढायचे कष्ट मी घेतले नाहीत.

विट्याच्या पुढे ऊस संपतो. जमीन फिकी होते, झाडं बुटकी होतात, मेंढरांचे कळप रस्ता अडवतात. आमच्याकडे दुष्काळी भाग म्हटलं की लोक चेहरा पाडतात. मला तो मोकळा माळ बघून बरं वाटलं. इथे काही नाही, म्हणजे उजेडही नसेल, असा माझा साधा हिशेब होता.

आटपाडीच्या पुढे

गावाचं नाव देत नाही. आटपाडीपासून पूर्वेला अर्ध्या तासावर आहे. तिथे तांबोळी गुरुजी राहतात, एकाहत्तर वर्षांचे, हायस्कुलातून निवृत्त झालेले विज्ञान शिक्षक. गावाबाहेर त्यांच्या रानात टेकाडावर एक पत्र्याची खोली आहे. तिचं छप्पर रुळांवरून बाजूला ढकललं जातं आणि आत त्यांनी स्वतः घासून केलेल्या आरशाची आठ इंची दुर्बीण आहे. दुर्बिणीसाठी संस्थेला पाच गुंठे द्यायला ते तयार होते. त्या बदल्यात त्यांची एकच अट होती, ती म्हणजे नव्या दुर्बिणीने त्यांचा तारा बघत राहायचा.

हा तारा सिंह राशीत, मघेच्या जरा पश्चिमेला आहे. लालसर आहे. साधारण दहा महिन्यांत तो उजळतो आणि पुन्हा मंदावतो. उजळतो तेव्हा नुसत्या डोळ्यांनाही सापडतो, मंदावतो तेव्हा दुर्बिणीतही शोधावा लागतो. आयुष्याच्या शेवटाला आलेला, फुगलेला तारा आहे. गुरुजी त्याला म्हातारी म्हणतात. एकतीस वर्षं ते शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून तिची तेजस्विता ठरवत आले आहेत आणि नोंदी परदेशातल्या एका संग्रहाकडे पाठवत आले आहेत. एकाच माणसाने एकाच पद्धतीने इतकी वर्षं केलेल्या नोंदींना किंमत असते. आता त्यांना काचबिंदू आहे. उजव्या डोळ्याला कडेचं दिसत नाही, डावाही त्याच वाटेवर आहे.

“नवी मोठी दुर्बीण चिलीत सुरू झाली न्हवं?” त्यांनी पहिल्याच चहाला विचारलं. “काही रात्रींत अख्खं आकाश टिपती म्हणं.”

“टिपते. पण तिच्या कॅमेऱ्याला तुमची म्हातारी फार प्रखर आहे. नुसता पांढरा डाग येईल.”

“म्हंजी मोठ्यांना ती दिसत न्हाई, आणि बारक्यांतनं बघायला कुणी न्हाई.” त्यांनी बशी खाली ठेवली. “म्हणूनच तुमची ती मधली दुर्बीण पायजे. मी आता एक वर्ष बघीन, लय तर दीड.”

त्यांना काय हवं होतं ते इतकं सरळ होतं. माझ्या खिशातल्या यंत्रावर एकवीस आले की ते मिळणार होतं.

सूर्य मावळल्यावर आम्ही टेकाडावर गेलो. पश्चिमेला उपग्रहांची एक रांग सरकत होती, दोरीला बांधल्यासारखी. गुरुजींनी ती न बघताच छप्पर ढकललं. मी वळून उभी राहिले आणि तेवढ्यात आजूबाजूचा सगळा माळ उजळला.

ते ड्रॅगन फ्रूटचे मळे होते. उपसा सिंचनाचं पाणी आल्यापासून तिथे ते पीक वाढलं आहे. फळ खरं तर उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत येतं, पण थंडीत रात्रीचे चार तास बल्ब लावले की झाडाला दिवस मोठा झाल्यासारखा वाटतो आणि ते बिनहंगामी कळ्या धरतं. सरीवर सरी पांढरे बल्ब लागले होते. माळावर कुणी शहर पसरून ठेवावं तसं दिसत होतं. मी अजून ते बघते आहे तोवर खोलीच्या दारातला हायमास्ट पेटला.

मी वर बघितलं. उंच खांब, त्यावर सहा दिवे आणि बुंध्याशी संगमरवरी पाटी, ‘तांबोळी गुरुजींच्या खगोलसेवेच्या गौरवार्थ, समस्त ग्रामस्थ’.

“हे काय आहे?”

“माझा सत्कार,” गुरुजी म्हणाले.

पेपरात त्यांच्यावर लेख आला होता. गावाने शाल दिली, नारळ दिला आणि गुरुजी म्हातारपणी अंधारात ठेचकाळतात म्हणून वेधशाळेच्या दारातच दिवा दिला. बटण गुरुजींच्याच हस्ते दाबलं होतं.

“तुम्ही नको म्हणाला नाहीत?”

“सगळं गाव टाळ्या वाजवीत हुतं, मॅडम.”

आकडा आला एकोणीस पूर्णांक नऊ. मी तीनदा घेतला. गुरुजींनी दुर्बीण मघेकडे वळवली, बराच वेळ वाकून राहिले, मग सरळ झाले. “न्हाई घावत,” म्हणाले. “मंद असती तवा गेली दोन वर्षं घावतच न्हाई.”

जेवायला बाजरीची भाकरी आणि शेंगा घालून केलेलं वांगं होतं. वाढणारी शबाना, त्यांची सून. नवरा लातूरला नोकरीला. घर, शेळ्या आणि सासरा ती एकटी बघते. मी तिला म्हणाले की दिव्यांना वरून टोपणं लावली, उजेड खाली पाडला, तर अर्धं काम होईल. ती भाकरी थापत होती, ती थांबली नाही.

“टोपणं लावा. पर बंद करा म्हणू नगा,” ती म्हणाली. “माझी सासू टेकाडाच्या वाटंवरच गेली. अब्बांना च्या घिऊन निघाली हुती. घोणस हुती, दिसली न्हाई. दवाखान्यात पोचस्तवर खेळ खलास. दिवा लावताना लोकांनी तिथंच का लावला, त्ये अब्बांना बी ठावं हाय.”

गुरुजी खाली बघून जेवत होते.

पुण्यात आम्ही चर्चासत्रं घेतो, ‘अंधाराचा हक्क’ वगैरे विषयांवर. तिथे या बाईला कुणी बोलावलेलं नाही.

सुभेदार

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरपंचांकडे गेले. विलासराव, लष्करातून सुभेदार होऊन निवृत्त, गुरुजींचे विद्यार्थी. त्यांचाच दोन एकर ड्रॅगन. टोपणांचं ऐकून त्यांनी मान हलवली. बल्बचं बघू म्हणाले, पण हायमास्ट सरकारी निधीतला, त्याला हात लावायचा तर वरून मंजुरी, आणि मंजुरीला वर्ष जाईल. जागा ठरवणाऱ्या आमच्या समितीची बैठक पंधरा दिवसांवर होती.

“आणि समजा, आमी सगळं बंद केलं,” त्यांनी आभाळाकडे बोट केलं. “त्ये वरनं जातंय रांगंनं, त्येची डीपी कुठं हाय?”

डीपी म्हणजे गावाची वीज तोडायची पेटी, आणि उपग्रहांना ती नसते. आमच्या संस्थेत छायाचित्रांमधल्या त्या रेघा शोधून वगळणं हे आता दोन माणसांचं रोजचं काम झालं आहे. रात्री जमिनीवर ऊन पाडायला अंतराळात आरसे सोडायची कल्पनाही कुणी मांडली आहे, तेही मी त्यांना सांगितलं.

“मंग आमच्या ड्रॅगनला बरंच की,” सुभेदार म्हणाले, आणि स्वतःच जोरात हसले.

त्या संध्याकाळी मी टेकाडावर यंत्र लावत होते. बल्ब पेटले, हायमास्ट पेटला. तेवढ्यात देवळाच्या भोंग्यावरून सुभेदारांचा आवाज आला. “ग्रामस्थांना कळविण्यात येतं की पुण्याच्या मॅडम तपासणीला आल्यात. आता दोन तास गावची समदी लाईट बंद ऱ्हाईल. कुणी इन्व्हर्टर लावायचा न्हाई. मोबाईलची बॅटरी मारायची न्हाई. गुरुजींच्या इज्जतीचा सवाल हाय.”

मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. गावातल्या वायरमनने डीपीवरचे फ्यूज काढले आणि सगळं एकदम गेलं. हायमास्ट गेला, मळे गेले, घरं गेली. खालून पोरांचा ओरडा ऐकू आला, मग तोही थांबला.

मी वर्णन करण्यात वाकबगार नाही. दोन-तीन मिनिटांत डोळे सरावले आणि मृगापासून खाली दक्षिणेपर्यंत आकाशगंगेचा पट्टा दिसायला लागला. यंत्रावर एकवीस पूर्णांक पाच. पुन्हा घेतला, तेवढाच. सोलापूरच्या पलीकडच्या जागेपेक्षा चांगला.

सुभेदार खालून चढून आले, मागे दहा-बारा माणसं. “पास का, मॅडम?”

गुरुजी दुर्बिणीला लागले होते. “हाय,” ते म्हणाले. “हाय, हितंच हाय. बगा तुमी.” मी डोळा लावला. शेजारच्या ताऱ्यांच्या त्रिकोणाजवळ एक बारीक, विस्तवाच्या ठिणगीसारखा ठिपका होता. त्यांनी शबानाला बोलावून दाखवला. मग एकेक करून सगळ्या गावाने बघितला. बऱ्याच जणांना काहीच दिसलं नसावं, पण सगळे दिसला म्हणाले.

“आता ह्योच आकडा लिवा,” सुभेदार म्हणाले.

“हा रोजचा नाही.”

“आवं, रेजिमेंटमधी जनरल यायचा आसला की आमी झाडांच्या बुंध्यास्नी गेरू मारायचो, दगडांना चुना. जनरल गेला की पुन्हा जैसे थे. त्याला कुणी खोटं म्हणत न्हाई, तयारी म्हणत्यात. शाळा तपासायला साहेब आले की गुरुजींनी काय पोरं घरी ठिवली हुती व्हय? नखं कापून आणायला सांगायचे.”

माणसं हसली. गुरुजी हसले नाहीत, आणि विद्यार्थ्याला गप्प बस असंही म्हणाले नाहीत. दोन तासांनी फ्यूज बसले आणि माळ पुन्हा पांढरा झाला.

सकाळ

मी सामान गाडीत ठेवत होते तेव्हा गुरुजी आले. हातात रजिस्टर होतं. ते त्यांनी मला उघडून दाखवलं. बारीक, सरळ अक्षर. ज्या रात्री ढग होते तिथे ‘ढग’, ज्या रात्री तारा सापडला नाही तिथे ‘दिसला नाही’. अंदाजाने लिहिलेलं एकही पान नाही.

“एकतीस वर्षांत मी एक आकडा खोटा लिवलेला न्हाई,” ते म्हणाले. “म्हणून मागतोय, मॅडम. कालचा आकडा खरा हुता. आकाश खरंच तसं हाय. नुसतं मधी काहीतरी आलंय. तुमी एकवीस पाच लिवा. दुर्बीण आली की टोपणं बी येतील, मंजुरी बी येईल. एकदा आली की गाव तिला जपंल.”

ते चुकीचं बोलत नव्हते. कदाचित गावाने जपलंही असतं. पण दुर्बीण बसवल्यावर पहिल्याच थंडीत तिला जे दिसणार होतं ते एकोणीस नऊ होतं, आणि ते यंत्र पंधरा-वीस वर्षं तिथे उभं राहणार होतं.

“फॉर्मवर ‘नेहमीच्या रात्रीचा आकडा’ असा एकच रकाना आहे, गुरुजी,” मी म्हणाले. “कालचा आकडा मी शेऱ्यात लिहीन, दिवे घालवून घेतलेला म्हणून. रकान्यात नाही.”

“शेरा कुणी वाचतं का?”

“बहुतेक नाही.”

त्यांनी रजिस्टर मिटलं आणि घरात गेले. शबानाने शेंगदाण्याची चटणी आणि भाकऱ्या बांधून दिल्या. मी निघाले तेव्हा गुरुजी बाहेर आले नाहीत. परतीच्या वाटेवर मी कुठे थांबले नाही.

पुणे

बैठक वीस मिनिटांत उरकली. सोलापूरच्या पलीकडची जागा ठरली. माझा शेरा मी मोठ्याने वाचून दाखवला. अध्यक्षांनी “दुर्दैवी” म्हटलं आणि पुढचा विषय घेतला. मग मी विचारलं, दुर्बीण तिकडे गेली तरी तिच्या यादीत हा एक तारा घालता येईल का? पहिल्या तीन वर्षांची यादी भरली होती. ती भरलेली मला माहीत होती, तरी विचारलं.

हे गुरुजींना पत्राने कळवलं असतं तर माझी सुटका झाली असती, म्हणून फोन केला. जागेचं आणि यादीचं, दोन्ही सांगितलं.

“म्हंजी यादीत बी न्हाई.”

“नाही.”

“यंदा ती उजळंल जुलैच्या सुमाराला,” ते म्हणाले. “तवा आभाळ भरल्यालं असणार, आणि सिंह रास तिन्हीसांजंलाच मावळतीला. म्हंजी दिसायची न्हाई. मग मंदावंल. मग दिव्यांनी दिसायची न्हाई. त्याच्या पुढची खेप पुढल्या मे महिन्यात...” त्यांच्या डोळ्यांचा हिशेब आम्हा दोघांनाही येत होता.

मी म्हणाले, मला दुसरं काही लिहिता आलं नसतं.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले. “तुमच्या जागंवर मी बी एकोणीस नऊच लिवलं असतं. पर तुमी लिवू नये असं वाटत हुतं.”

मग त्यांनी पुण्यात ऊन किती आहे ते विचारलं. मी सांगितलं. तिकडेही तापायला लागलं होतं.